अण्णांभोवती

दिवाळीची सुट्टी संपून वेधशाळा पुन्हा सुरू झाली त्या आठवड्यात वृंदा बिडवेच्या वडिलांमधून रेडिओ लहरी निघू लागल्या. ही गोष्ट पहिल्यांदा खिलारेंच्या लक्षात आली, कारण अशा गोष्टी लक्षात येणं हेच त्यांचं काम होतं.

जयवंत खिलारे वेधशाळेत गोंगाट शोधायचे. पठारावर लांबलांब उभ्या असलेल्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या लहरी टिपत. त्या लहरी इतक्या क्षीण असत की आसपासच्या एखाद्या गावात कुणी वेल्डिंग काढलं, द्राक्षबागेच्या कुंपणात वीज सोडली किंवा वरातीतला खराब जनरेटर सुरू झाला तरी त्या बुडून जात. असं झालं की खिलारे जीप घेऊन निघायचे. हातात माशाच्या काट्यासारखा दिसणारा एरियल, गळ्यात मीटर. मीटरचा काटा जिकडे चढेल तिकडे जात राहायचं आणि जो सापडेल त्याला हात जोडून सांगायचं, एवढं बंद करा.

त्या दिवशी काट्याने त्यांना वेधशाळेच्याच वसाहतीत आणलं आणि वृंदाच्या दारात उभं केलं. वृंदा जेवायला घरी आली होती.

"मॅडम, तुमच्या घरातून काहीतरी येतंय."

"फ्रिज असेल. हल्ली आवाज करतो."

खिलारेंनी चपला काढल्या, आत येऊन एरियल फ्रिजकडे धरला. काटा हलला नाही. मिक्सरकडे धरला, मग ट्यूबलाइटकडे, मग बंद टीव्हीकडे. शेवटी त्यांनी तो खिडकीपाशी कॉटवर बसून वरणभात खाणाऱ्या अण्णांकडे धरला. काटा सरळ उजव्या टोकाला गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"अण्णा आहेत," खिलारे म्हणाले.

वृंदाने मीटर पाहिलं. मग तिने अण्णांच्या हनुवटीवरचं शीत पुसलं.

"बंद करता येणार नाहीत ना?" खिलारेंनी विचारलं. विचारणं भाग होतं, तसा नियमच होता.

"नाही," वृंदा म्हणाली. "मी पाहिलंय करून."

वृंदा पन्नाशीला टेकली होती. तिने नोकरीची बहुतेक वर्षं एका ताऱ्यात घालवली होती. तारा छोटा होता, लाल बटू म्हणतात तसला, आपल्या सूर्यापुढे अगदीच किरकोळ. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नसे. असले तारे दिवसच्या दिवस गप्प पडून असतात आणि मग काही कारण नसताना भडकतात. काही मिनिटं त्यांच्यातून रेडिओ लहरींचा लोंढा येतो, आणि पुन्हा सगळं शांत. भडका कधी येणार हे सांगता येत नाही. त्यासाठी नुसतं बसून राहावं लागतं. वृंदा बसून राहण्यात वाकबगार होती. कँटीनमध्ये त्या ताऱ्याला सगळे बिडवेबाईंचा तारा म्हणत.

अण्णांचा स्वभावही अलीकडे तसाच झाला होता. ते तालुक्याच्या एसटी स्टँडवर नियंत्रक होते. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. आई गेल्यावर वृंदाने त्यांना इकडे आणलं, आणि आल्यावर ते एकेक विसरत गेले. आधी जेवलो की नाही ते, मग बायको गेली ते, मग वृंदा. गाड्या मात्र त्यांच्या लक्षात होत्या. दिवसभर ते शांत असत, कॉटवर बसून खिडकीबाहेरच्या जांभळीकडे बघत. मग एकदम त्यांचा वरचा ओठ पांढरा पडे, ते स्वतःच्या तळहाताकडे निरखून बघत आणि भडकत. ताट भिंतीवर जाई. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नाही त्याच्या तोंडून असे शब्द येत की वृंदा खिडक्या लावून घेई. थोड्या वेळाने सगळं ओसरे आणि ते मऊ आवाजात विचारत, "तुमचं जेवण झालं का?"

तारा आणि अण्णा एकाच वळणाचे आहेत, असं तिने एकदा कँटीनमध्ये म्हटलं होतं. तिला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही.

गोंगाट करणारी वस्तू बंद करायची, नाहीतर दूर न्यायची, नाहीतर झाकायची, असा नियम होता. पहिलं जमणार नव्हतं, दुसऱ्याला अण्णा तयार झाले नसते. खिलारे दुसऱ्या दिवशी तांब्याच्या बारीक जाळीची भेंडोळी घेऊन आले आणि माणसं लावून अण्णांची खोली आतून मढवून टाकली. भिंती, छत, फरशी, खिडकी. दाराच्या आत जाळीचं आणखी एक दार.

"डासांसाठी का?" अण्णांनी विचारलं.

"हो, अण्णा."

"चांगलं केलंत. स्टँडवर फार डास आहेत."

जाळी लागल्यावर गोंगाट थांबला. वृंदा कंट्रोल रूममध्ये जाऊन ताऱ्याकडे कान लावून बसली. तारा उगवला, डोक्यावर आला, मावळला. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तारा उगवायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे येते, त्यामुळे तिची पाळीही रोज अलीकडे सरकत होती. अण्णाही रोज थोडे आधी उठत होते. कामावर निघताना ते तिला कॉटवर टक्क जागे दिसत, आणि तारा मावळून ती घरी आली की झोपलेले असत. हे तिने पाहिलं, पण त्यावर विचार करायला अंगात त्राण नव्हतं.

आठवडाभराने संचालकांनी, नगरकर सरांनी, तिला आणि खिलारेंना बोलावून घेतलं. नगरकर सर सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्यासमोर दोन आलेख होते.

"हा तुमच्या ताऱ्याचा भडका, गेल्या वर्षीचा," ते म्हणाले. "आणि हा खिलारेंनी जाळीच्या आत बसून घेतलाय. वडिलांनी ताट फेकलं तेव्हाचा. लहरींना पीळ असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रत्येकाचा वेगळा. या दोन्हींचा एकच आहे."

वृंदाने आलेख पाहिले. एकच होते.

"मग तारा?"

"तारा आहे जागेवर. पण त्याच्यातून काही येत नाही. जे तिकडून येत होतं ते आता तुमच्या घरून येतं."

"तिथला प्रकाश इथं पोचायलाच कितीतरी वर्षं लागतात, सर."

"म्हणजे हे बरंच आधी ठरलं असणार," नगरकर सर म्हणाले. "तुम्ही दमलेल्या दिसता. रजा घ्या थोडी."

तिने तेव्हा रजा घेतली नाही. ती पुढे शेवंताबाईंमुळे घ्यावी लागली. शेवंताबाई वृंदा कामावर असताना अण्णांजवळ बसायच्या. गावातल्या मोठ्या धीराच्या बाई, अण्णांच्या शिव्यांना त्या गाणं म्हणून उत्तर द्यायच्या. एका सकाळी वृंदा घरी परतली तेव्हा त्या दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. उजवा हात पाण्याच्या बादलीत होता. हातावर कोपरापर्यंत फोड आले होते. आत जाळीच्या खोलीत अण्णा झोपले होते. भिंतीवरचं कॅलेंडर पांढरंफटक झालं होतं आणि खिडकीतल्या कुंडीतला मोगरा वाळून कोळ झाला होता.

"चहा द्यायला वाकले," शेवंताबाई म्हणाल्या. "तेवढ्यात भडकले."

वृंदाने त्यांच्या हाताला मलम लावलं.

"ताई, मी नाही येणार आता. राग मानू नका. त्यांचा दोष नाही, पण माझी चामडी जाते."

"नका येऊ," वृंदा म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

शेवंताबाई फाटकापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "त्यांच्याजवळ किती वेळ बसायचं ते ठरवा," त्या म्हणाल्या. "जवळ गेलं की ऊब बरी वाटते. तिथंच फसगत होते."

त्या दिवसापासून वृंदाला अण्णांकडे पाठ करता येईना.

सुरुवातीला तिला वाटलं, आपणच घाबरतोय. कधी भडकतील याचा नेम नाही, म्हणून डोळा ठेवायची सवय लागली. मग एकदा ओट्याशी भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं की ओटा डाव्या हाताला आहे आणि तोंड भिंतीकडे आहे. त्या भिंतीपलीकडे अण्णांची खोली होती. तिने वळायचा प्रयत्न केला. पाय वळले, पण खांदे, मान, चेहरा अण्णांकडेच राहिला. ती मोरीत गेली तेव्हा चेहरा अण्णांकडे. फाटकापाशी दूध घ्यायला गेली तेव्हा उलट्या पावली गेली आणि दूधवाल्याला पिशवी मागच्या मागे द्यावी लागली. दूधवाल्याने काही विचारलं नाही. वसाहतीत लोक एकमेकांना फार विचारत नसत.

दुसरी गोष्ट अशी की तिला उभं राहता येईना. थांबलं की ती अण्णांकडे सरकू लागे, फरशी तिकडे उतरती असल्यासारखी. चालत राहिलं तर अंतर टिकत होतं. म्हणून ती चालायची. स्वयंपाकघर, मागची पडवी, मोरी, पुढची खोली आणि पुन्हा स्वयंपाकघर. घर पूर्वी असं नव्हतं. पूर्वी अण्णांची खोली एका टोकाला होती. आता ती मधोमध होती आणि बाकीचं घर तिच्या भोवतीने होतं. वृंदा तोंड आत करून आडवी आडवी चालत एका दारातून दुसऱ्या दारात जाई आणि जाता जाता कुकर लावी, कपडे पिळी, केर काढी. झोपही तिने चालता चालता घ्यायला शिकून घेतली. शिकायला फारसं काही लागलं नाही.

खिलारे कधीकधी मीटर घेऊन यायचे आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचे. वृंदा त्यांच्यासमोरून गेली की बोलणं व्हायचं, ती स्वयंपाकघरात गेली की थांबायचं, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू व्हायचं.

"छोट्या ताऱ्यांच्या ग्रहांचं असंच असतं ना, मॅडम?" एका फेरीत त्यांनी विचारलं.

"हो," ती पुढच्या फेरीत म्हणाली. "तारा मिणमिणता. त्यामुळे ऊब हवी तर अगदी चिकटून फिरावं लागतं. आणि इतक्या जवळून फिरलं की ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे राहते. ती वळत नाही."

"दुसऱ्या बाजूला काय असतं?"

तिने उत्तर द्यायला आणखी एक फेरी घेतली.

"कुणी पाहिलेलं नाही."

तिचा चेहरा रापला होता. कपाळ, नाक, हाताची पुढची बाजू तांबूस काळी झाली होती आणि प्रत्येक भडक्यानंतर गालाची साल निघे. पाठ मात्र गार पडत चालली होती. ब्लाउजची मागची बाजू सकाळी कडक झालेली असे आणि वेणी वाजायची, बारीक काचेसारखी. एकदा खिलारे तिच्या मागून गेले आणि म्हणाले, तुमच्या मागे अंधारून आल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, असेल.

फेरा लहान होत होता. आधी तिला फाटकापर्यंत जाता येत होतं. मग पडवीच्या पायरीपलीकडे पाय जाईना. मग मोरी लांब पडू लागली. तिने वडोदऱ्याला अवधूतदादाला फोन केला. वेधशाळेच्या परिसरात मोबाइल चालत नाही म्हणून तारेचा फोन होता. वायर ताणून ताणून ती बोलली आणि बोलताना फोन दोनदा हातातून सुटला.

अवधूतदादा आला. तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, अंगाने स्थूल, रासायनिक कारखान्यात अधिकारी. येताना त्याने अण्णांसाठी मऊ चपला आणि फरसाण आणलं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला.

"अण्णा तर बरे दिसतात," तो म्हणाला.

"तू लांब बसलायस."

"चेहऱ्यावर तेज आहे. तूच वाळलीस. जरा एका जागी बस ना, वृंदा. मला गरगरायला लागलं."

"मला बसता येत नाही, दादा."

ती स्वयंपाकघरातून फिरून येईपर्यंत तो फरसाणाची पिशवी उघडून बसला होता.

"आमच्याकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे," तो म्हणाला. "बाग आहे. डॉक्टर आठवड्याला येतो. मी बोलून ठेवलंय."

"घेऊन जा."

ती हे इतक्या पटकन म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. आपण म्हटलं हे तिलाही फिरून परत आल्यावरच नीट ऐकू आलं. तिने वाट पाहिली, की वाईट वाटेल. वाईट वाटलं नाही. झोपावंसं वाटलं.

अवधूतदादाने अण्णांच्या कॉटचं टोक धरलं आणि दाराकडे ओढलं. अण्णा शहाण्यासारखे बसून राहिले. कॉट वीतभर सरकली, आणि स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला. वृंदाही वीतभर सरकली होती. त्याने पुन्हा ओढून पाहिलं. कॉट पुढच्या खोलीत आली तेव्हा वृंदाचा फेरा भिंतीतून गेला आणि भिंतीने वाट दिली.

"म्हणजे तूही येणार," तो म्हणाला.

"दिसतंय तसं."

"दोघांचं मी बोललेलो नाही."

"नाही," वृंदा म्हणाली. "कसं बोलणार."

त्याने कॉट परत जाळीच्या खोलीत ढकलली. त्याचे डोळे भरले होते. अण्णांनी त्याचा हात हातात घेतला. "बडोदा गाडी लागलेली आहे," ते माइकवरच्या आवाजात म्हणाले. "प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." अवधूतदादाने त्यांना वाकून नमस्कार केला, वृंदाच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला, आणि तिच्या केसांच्या गारठ्याने दचकून हात मागे घेतला. मग तो निघाला. फाटकापर्यंत त्याची पाठ तिला दिसत होती. चांगली रुंद पाठ होती, शर्टाला घामाचा डाग. त्याला ती फिरवायला काहीच कष्ट पडले नाहीत.

संध्याकाळी अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्यावर नजर ठेवून होते. ती फिरेल तशी त्यांची मान फिरत होती.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मी वृंदा, अण्णा."

"कुठं जायचंय तुम्हाला?"

"कुठंच नाही."

"मग इथं का थांबलात? दिवसभर बघतोय मी. सगळ्या गाड्या निघून गेल्या."

"थांबले नाही, अण्णा. चालतेय."

अण्णांनी विचार केला. "फार वेळ झाला असेल, तर चौकशीच्या खिडकीत या," ते म्हणाले. "आपण काहीतरी बघू."

तिला रडू आलं. पुढच्या बाजूला अश्रू लगेच सुकले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नगरकर सर स्वतः घरी आले. वेल्डर घालतात तसला काळा चष्मा त्यांनी लावला होता. तारा गेले कित्येक दिवस गप्प होता, आणि त्या ताऱ्यासाठी दुर्बिणीचा वेळ आधीच मंजूर झालेला होता. तो वाया घालवता येत नव्हता.

"तारा इथं आहे तर इथंच बघायला हवं," ते म्हणाले. "जाळी काढावी लागेल. पण तबकड्या इतक्या खाली वळत नाहीत. वडिलांना थोडं उंचावर न्यावं लागेल."

"किती उंच?"

"टेकडीवरची पाण्याची टाकी चालेल. खिलारेंनी बघून ठेवलीय."

"अण्णांना विचारा," वृंदा म्हणाली.

नगरकर सरांनी विचारलं. अण्णा म्हणाले, वरून सगळे फलाट दिसत असतील तर काही हरकत नाही.

चौघांनी कॉट उचलली. रेनकोट घातले होते, हातमोजे होते, आणि भडका आला तर कॉट खाली ठेवून दगडामागे जायचं असं ठरलं होतं. टेकडीची पायवाट अरुंद होती. वृंदा कॉटभोवती फिरत वर गेली, पुढे होऊन, बाजूने, मागे राहून, पुन्हा बाजूने. घायपात तिच्या साडीला लागत होता. निम्म्या वाटेवर एका उचलणाऱ्याने तिला विचारलं, बाई, तुम्ही दमत नाही का? ती म्हणाली, दमते. अण्णा उशीला टेकून बसले होते आणि खाली कांद्याच्या रानात काम करणाऱ्या बायकांना हात करत होते. बायकांनीही हात केले.

टाकीचं छत सपाट आणि गोल होतं. कॉट मधोमध ठेवली. वृंदाला आता कॉटपासून हातभर अंतरच उरलं होतं. एवढ्या लहान फेऱ्यात अण्णांवर पडायचं नाही म्हणून तिला भराभर चालावं लागत होतं. खाली पठारावरची सर्वांत जवळची तबकडी कुरकुरत वाकली आणि तिने टाकीकडे तोंड केलं. मग तिच्यामागची. मग लांबलांबच्याही.

खिलारे टाकीच्या कडेला छत्री लावून यंत्रापाशी बसले. दोन दिवस ते कागदावर उमटणारी रेघ तपासत राहिले. तिसऱ्या दिवशी ते कागदाची गुंडाळी घेऊन उठले आणि अण्णांच्या डोक्यामागे जाऊन त्यांनी तो कागद उलगडून उंच धरला, कारण तिला तिकडेच बघता येत होतं.

"मॅडम, तुम्ही दिसता," ते म्हणाले.

कागदावर अण्णांची रेघ होती. रेघेत ठरावीक अंतराने खाच होती. छोटी, स्वच्छ.

"तुम्ही अण्णा आणि तबकडी यांच्या मधून गेलात की लहरी कमी होतात. ही तुमची खाच. ही पण. ही पण तुमचीच."

वृंदाने खाचा पाहिल्या. ताऱ्याभोवतीचा ग्रह ओळखतात तो असल्याच खाचांवरून; तिच्या ताऱ्याला ग्रह आहे का, हे तिला कधी कळलं नव्हतं. तिने चालता चालता कागदावरच्या खाचा मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडून दिलं.

"नगरकर सर खूश आहेत," खिलारे म्हणाले. "त्यांना आता मागची बाजू हवी आहे. पुढची तर दिसतेच. मागं काय आहे ते बघून या म्हणाले."

"थंडी आहे मागे."

"बघतो मी. तुम्ही चालत राहा."

भर दुपार होती. टाकीवर सिमेंट तापलं होतं, खाली रानातल्या बायका लिंबाखाली जेवायला बसल्या होत्या. खिलारे स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून वृंदाच्या मागे गेले आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागले. तिच्या मागे रात्र होती. त्यांच्या तोंडाची वाफ तिला मानेवर जाणवली.

"खिलारे?"

"मॅडम, दिवे आहेत."

"कुठे?"

"तुमच्या पाठीवर. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही अंगाला. घाटातून येताना खाली गाव दिसतं ना, तसे. फार नाहीत. बारीक आहेत."

वृंदाने एक फेरी पुरी केली. तिला काही जाणवत नव्हतं. पाठ गार होती, नेहमीसारखी.

"बर्फ चमकत असेल."

"नाही. एक हलतोय. कुणी हातात घेऊन चाललंय असा." खिलारे आणखी जवळ आले. त्यांचा आवाज खाली आला होता. "आता थांबला. विझला वाटतं. नाही, लागला परत. आडोसा केला असेल कुणीतरी."

"कोण?"

"एवढं दिसत नाही, मॅडम."

समोर कॉटवर अण्णा जांभई देऊन बसले होते. त्यांनी चादर नीट केली. मग त्यांचा वरचा ओठ पांढरा पडला. त्यांनी उजवा तळहात वर केला आणि ते त्याच्याकडे निरखून बघू लागले.

"खिलारे," वृंदा म्हणाली, "मागेच राहा. बाजूला निघू नका."

तिने कंबर सरळ केली. इतक्या दिवसांत ती सरळ केली नव्हती, ती कडकडली. मग चालता चालता तिने पदर सोडला, त्याची दोन्ही टोकं दोन मुठीत धरली, हात बाजूंना ताणले आणि अण्णांकडे तोंड करून ती जेवढी होता येईल तेवढी रुंद झाली.